आत कोण आहे?

घरात डार्करूम (फिल्मवरचे फोटो कागदावर उतरवायची अंधारी खोली) करायची म्हणजे घरातल्या सर्वांत लोकप्रिय खोलीवर तीन तास कब्जा करायचा. दोन खोल्यांच्या घरात देवांना कोनाडा पुरतो, पाहुण्यांना दिवाण पुरतो; बाथरूम मात्र एकच असतं, आणि नळ, मोरी, आतून कडी आणि बुजवता येईल एवढीशी खिडकी हे सगळं नेमकं तिथेच असतं. म्हणून रात्री साडेदहानंतरचा मुहूर्त. तेव्हाही कुणाचे तरी दात घासायचे राहिलेले असतातच.

एवढं करून हातात येणार काय, तर आठ बाय दहाचा एक कृष्णधवल फोटो. तरीही मला हे काम आवडतं, कारण इथल्या प्रत्येक फजितीला कारण असतं आणि ते शोधलं तर सापडतं. घरातल्या इतर कुठल्याही फजितीबद्दल मी असं म्हणणार नाही.

सुरुवात अंधारापासून. शहरात शुद्ध अंधार मिळत नाही, भेसळीचा मिळतो. दार लावून पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की गीझरचा दिवा, एक्झॉस्ट फॅनची पाती आणि दाराच्या फटीतून येणारा मालिकेतल्या सासूचा निळसर उजेड असे एकेक आरोपी पुढे येतात. गीझरच्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप, खिडकीला दुपदरी काळं कापड वेल्क्रोने, दाराखाली जुना पंचा. फिल्म डेव्हलपिंगच्या डबीत भरायची असेल तर पाच मिनिटांनंतरही स्वतःचा हात दिसता कामा नये. प्रिंटला थोडी सवलत आहे, कारण फोटोच्या कागदाला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही.

पण तो प्रकाश खरोखर लाल हवा. बाजारातला लाल रंग फासलेला झिरोचा बल्ब हा सत्यनारायणापुरता ठीक. त्याचा रंग जिथे पातळ असतो तिथून निळा-हिरवा प्रकाश झिरपतो, आणि मग फोटोतलं पांढरं धोतर आठवडाभर वापरल्यासारखं दिसतं. याची परीक्षा नाण्याने होते. कागदाला आधी एन्लार्जरखाली (फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) अगदी फिकट राखाडी येईल इतकाच प्रकाश द्यायचा, मग लाल दिव्याखाली त्यावर नाणं ठेवून पाच मिनिटांनी कागद डेव्हलप करायचा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लबाड. कोऱ्या कागदावर ही परीक्षा घेऊ नये. थोडासा प्रकाश कोरा कागद पचवून टाकतो आणि दिवा निर्दोष सुटतो. दिवा कागदापासून निदान चार फुटांवर असावा.

एन्लार्जर कुठे ठेवायचा? वॉशिंग मशीनवर, असं प्रत्येकाला सुचतं. जागा उत्तम, फक्त त्या रात्री कपडे लावायचे नाहीत हे घरात सगळ्यांना मान्य हवं. पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कागदावर प्रकाश पडत असताना, यंत्र केसभर हललं तरी फोटो ‘कलात्मक’ होतो. ट्रे कमोडवर फळी टाकून ओळीने मांडायचे: चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते उमटणं थांबवणारा स्टॉप, चित्र पक्कं करणारा फिक्सर. प्रत्येक ट्रेचा चिमटा वेगळा. फिक्सरचा चिमटा डेव्हलपरमध्ये गेला की डेव्हलपर बिघडतो. चिमटे स्वयंपाकघरातून उचलू नयेत. उचललेच तर परत ठेवू नयेत.

डेव्हलपर तयार मिळतो: एक भाग रसायन, नऊ भाग पाणी, म्हणजे लिटरला 100 मिली. पण हौस असेल तर कोडॅकचा डी-72 नावाचा डेव्हलपर घरी बनतो. अर्धा लिटर पाणी 50 अंशांवर घ्यायचं. त्यात मेटॉल 3 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 45, हायड्रोक्विनोन 12, सोडियम कार्बोनेट 80 आणि पोटॅशियम ब्रोमाइड 2 ग्रॅम याच क्रमाने विरघळवायचं, आणि मग गार पाणी घालून लिटर पुरा करायचा. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी. क्रम महत्त्वाचा, कारण सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. मात्र सल्फाइटची एक चिमूट सुरुवातीलाच टाकतात, म्हणजे मेटॉल हवेने खराब होत नाही. कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. पण किराणा दुकानातल्या खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, त्यामुळे 80 ऐवजी सुमारे 185 ग्रॅम लागतात. आणि ‘सोडा द्या’ एवढंच सांगून आणलेला खायचा सोडा घातला, तर चित्र येईल या आशेवर सकाळ होते. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे. स्टॉपसाठी एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी चालतं. त्या वासाने बाहेर ‘आज चायनीज आहे का?’ अशी चौकशी सुरू होते, तिला उत्तर देऊ नये.

यानंतरचा शत्रू म्हणजे गच्चीवरची टाकी. पुस्तकं 20 अंश म्हणतात, आणि एप्रिलात आपला नळ 33 अंशांचा काढा देतो. गरम डेव्हलपरमध्ये चित्र भसकन येतं, डागाळतं, कागदाचा थर मऊ पडून चिमट्याने ओरखडतो. बर्फ थेट टाकायचा नाही, प्रमाण बिघडतं. पाणी गोठवलेली बाटली डेव्हलपरच्या ट्रेत आडवी ठेवायची, किंवा ट्रेच गार पाण्याच्या मोठ्या परातीत बसवायचा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. मे महिन्यात ही मंडळी काय करत असतील, या विचाराने मला आपला फ्रीज एकदम थोर वाटू लागतो. घरच्यांना वेठीला धरण्याची परंपराही आपल्याकडे जुनीच आहे: दादासाहेब फाळक्यांच्या घरी कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. त्यांच्या तुलनेत ‘फ्रीजरमधली एक बाटली दे’ ही मागणी अगदीच माफक आहे.

आता मुख्य काम. निगेटिव्ह, म्हणजे धुऊन झालेली फिल्म, एन्लार्जरमध्ये घालण्याआधी शॉवर दोन मिनिटं सोडून बंद करावा, हवेतली धूळ खाली बसते. बाथरूम वापरण्याचा हा एकमेव शास्त्रीय फायदा. एन्लार्जरचा दिवा मिनिटभर तापू द्यावा, कारण ऊब लागली की निगेटिव्ह पापडासारखी फुगते आणि आधी केलेला फोकस वाया जातो. फोकस भिंगाचं तोंड पूर्ण उघडून, मग ते एफ/8 या खुणेपर्यंत बारीक करायचं. मग किती सेकंद प्रकाश द्यायचा ते ठरवायला कागदाची पट्टी कापून टेस्ट स्ट्रिप: सगळ्या पट्टीला 5 सेकंद, मग पुठ्ठा सरकवत आणखी 2, 3, 4 आणि 6. म्हणजे 5, 7, 10, 14, 20 अशा पायऱ्या पडतात. सरसकट तीन-तीन सेकंदांनी वाढवत गेलं तर पुढच्या पायऱ्या एकमेकींसारख्याच दिसतात.

पट्टी बघताना एक नियम पाळला तर निम्मा कागद वाचतो: उजळ भाग वेळेने ठरवायचा आणि काळा भाग फिल्टरने. मल्टिग्रेड म्हणजे फिल्टर बदलून काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येणारा कागद. त्याचे इलफर्ड कंपनीचे फिल्टर 00 ते 5 असतात. साडेतीन नंबरपर्यंत वेळ तीच राहते. चार ते पाचला दुप्पट लागते. हे विसरलं की दोष बिचाऱ्या डेव्हलपरला दिला जातो. चेहरा काळवंडत असेल तर तारेला पुठ्ठ्याची टिकली चिकटवून एक्स्पोजर चालू असताना ती चेहऱ्यावर हलवत राहायची. हात थांबला की त्या माणसाभोवती संतांसारखं वलय उमटतं, आणि प्रत्येक मामा त्याला पात्र नसतो.

याच वेळी वीज जाते. अंधार फुकट मिळतो, तक्रारीला जागा नाही. मात्र सगळ्यात आधी एन्लार्जरचं आणि ट्यूबलाइटचं बटण बंद करावं. नाहीतर आपण बाहेर शेजाऱ्यांशी भारनियमनावर चर्चा करत असताना आत वीज परत येते आणि उरलेलं एक्स्पोजर आपलं आपण पूर्ण करते, वर अर्धा तास जादा.

कागद डेव्हलपरमध्ये सरकवला की दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. मग कोपऱ्यातून एक भुवई, शर्टाची चौकट, मागचं नारळाचं झाड. हे कितीही वेळा पाहिलं तरी मान आपोआप ट्रेकडे वाकते आणि चष्मा डेव्हलपरच्या दिशेने घसरतो. इथे घाईचा मोह आवरावा. लाल दिव्यात फोटो असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून माणूस घाबरून तो तीस सेकंदांत उचलतो आणि काळ्याच्या जागी चिखल मिळतो. प्लास्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला पूर्ण 60 सेकंद, ट्रेचा एक कोपरा सतत उचलत. मग स्टॉप, मग फिक्सर. आपल्याकडचे जुने स्टुडिओवाले त्याला अजूनही हायपो म्हणतात. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1819 मध्येच पाहून ठेवलं होतं, फोटोग्राफी जाहीर होण्याच्या वीस वर्षं आधी.

आरसी कागद दोन मिनिटांत धुऊन होतो. प्लास्टिकचा थर नसलेल्या फायबर कागदाला वाहत्या पाण्याखाली तासभर लागतो, आणि एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ही चैन उघडपणे करता येत नाही. त्यांनी दर पाच मिनिटांनी बादली बदलावी. वाळताना हाच कागद स्वतःभोवती गुंडाळी करतो. दोन फोटो पाठीला पाठ लावून चिमट्यांनी दोरीवर टांगले तर कमी वळतात. वाळला की फोटो जरा आणखी गडद होतो, त्यामुळे ओला असताना अगदी मनासारखा दिसणारा फोटो सकाळी नाराज करतो. एक्स्पोजर आठ-दहा टक्के कमी ठेवावं.

राहिला वापरलेला फिक्सर. तो मोरीत ओतायचा नाही, त्यात चांदी असते. लिटरभरात 80 आरसी फोटो झाले की कॅनमध्ये साठवून भांडी घासायच्या लोखंडी तारेचा गोळा टाकायचा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. एरवी या उद्योगाकडे ढुंकूनही न पाहणारं सबंध घर ‘चांदी’ ऐकून बाथरूमच्या दाराशी जमतं. लिटरमागे ती जेमतेम दोन ग्रॅम निघते, तीही गाळात, हे मी शक्यतो लगेच सांगत नाही. तेवढ्या काळात आणखी एक टेस्ट स्ट्रिप होते.