‘सगळ्यांना ३ सेकंद’ लावू नका

नाशिकच्या आयटी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: अ‍ॅप्लिकेशन कोणतंही असो, प्रतिसादाची सरासरी ३ सेकंदांवर गेली की अलार्म लावा, पिंग (सर्व्हरला डेटाचा छोटा तुकडा, म्हणजे पॅकेट, पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणं) चांगला असेल तर नेटवर्क निर्दोष समजा, शंका आली तर मर्यादा आणखी खाली आणा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नेटवर्क सांभाळणाऱ्या नव्या मुलांनी हे तसंच्या तसं उचललं तर त्रास त्यांनाच होणार, म्हणून लिहितोय.

सगळ्यांना ३ सेकंद कसे चालतील? बारकोड मारल्यावर स्क्रीन दोन सेकंद गप्प राहिली की कामगार पुन्हा स्कॅन करतो. महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट २० सेकंदांनी आला तरी कोणाचं अडत नाही. शिवाय सर्व्हर कुठे आहे तेही बघा. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबईला जाऊन-येऊन दोनेक मिलिसेकंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला किमान १२०. एका स्क्रीनसाठी अशा २० फेऱ्या एकामागून एक होत असतील तर २.४ सेकंद वाटेतच गेले. त्यात सर्व्हरचा काय दोष?

सरासरीचा सल्ला तर घातकच. १०० विनंत्यांपैकी ९५ जणांना ०.२ सेकंदात उत्तर मिळालं आणि पाच जण २० सेकंद ताटकळले, तर सरासरी येते १.१९. अलार्म वाजत नाही, फोन मात्र वाजत राहतात. ९५वा आणि ९९वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९५ किंवा ९९ विनंत्या जितक्या वेळात पूर्ण होतात तो आकडा) दोन्ही बघा. या उदाहरणात ९९वाच बोलतो.

पिंगवरही विसंबू नका. त्याचं उत्तर ऑपरेटिंग सिस्टिम देते; डेटाबेस लॉक होऊन पडला असला तरी पिंग हसतमुख. उलट जोडणीचं पहिलंच पॅकेट हरवलं तर टीसीपी (पॅकेट नीट पोचतील हे बघणारी नेटवर्कची नियमपद्धत) साधारण १ सेकंद थांबून ते पुन्हा पाठवतं, आणि चार पिंगांत अशी तुरळक गळती सापडत नाही. वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर घेतलेल्या पॅकेट कॅप्चरमध्ये (ये-जा करणाऱ्या पॅकेटांच्या नोंदीत) सिन (जोडणी मागणारं पॅकेट) ते सिन-अ‍ॅक (सर्व्हरचा होकार) हा वाटेचा वेळ. विनंतीपासून उत्तराच्या पहिल्या बाइटपर्यंतच्या वेळेतून तो वजा करा, उरतो साधारण सर्व्हरचा. दोघांना वेगळे अलार्म लावा.

मर्यादा खाली आणली की खोटे अलार्म वाढतात आणि माणसं ते म्यूट करतात. लासलगावात कांद्याचे लिलाव चालू असताना व्यापाऱ्याच्या बिलिंगवर येणारा भार रविवारी नसतो. म्हणून मागच्या काही आठवड्यांतल्या त्याच वाराच्या, त्याच तासाच्या आकड्यांशी तुलना करा. सलग तीन मोजण्यांत मर्यादा ओलांडली तरच अलार्म वाजू द्या, आणि तो बंद होण्याची पातळी वाजण्याच्या मर्यादेपेक्षा थोडी खाली ठेवा.