नाव पुसलेलं भेदरं

टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात. प्रत्यक्षात भेदरून राहतो तो लावणारा.

मागच्या ऑक्टोबरात परसात लावायचं मनावर घेतलं. कृषी केंद्रवाल्याने विचारलं, "कोणतं देऊ जी? पाण्याची ओढ सोसणारं, का रोगाले न जुमानणारं?" आता हे मी कसं सांगू? आमच्या वर्धा जिल्ह्यात दिवाळीत अवकाळी, संक्रांतीला आभाळ आणि तुरी घरी येतात न येतात तोच गारपीट. मार्च लागला की पारा 35 च्या वर, मग परागकणच निकामी होतात आणि फुलं देठातून गळतात.

शेवटी पोरीसाठी पाच स्थळं काढावीत तशा पाच जाती घेतल्या. बंगळुरूचं अर्का रक्षक, ते तीन रोगांना तोंड देतं म्हणे. त्याच गावचं अर्का विकास. दिल्लीचं पुसा रुबी, बाबांच्या ओळखीचं. एक चेरी, पोराच्या हट्टाचं. आणि शेजारच्या काकूंनी राखेत ठेवलेलं गावरान.

ओळख राहावी म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांवर स्केचपेनने नावं लिहिली. काड्यांसाठी पोराला पाच आइस्क्रीम चारली. त्याचा खोकला आठ दिवस चालला, तो खर्च वेगळा.

रोपं वाफ्यात लावली आणि तिसऱ्या दिवशी पाऊस. सकाळी पाहतो तर काड्या निळ्या झालेल्या. एका काडीवर तेवढा 'र' शिल्लक. आता र कोणात नाही?

डिसेंबरात पांढरी माशी आली आणि दोन ओळींवर बोकड्या रोग पडला. आकसलेलं पान घेऊन दुकानात गेलो. त्याने लांबूनच पाहिलं. "हे काकूचं गावरान असन. आपलं नाही." धुक्यात करपा आला, तेव्हाही तेच. काकूंचं बियाणं चिमूटभर, पण त्यांच्या नावावर एव्हाना पंधरा झाडं मेली होती.

फेब्रुवारीत रात्री टिनावर खडखडाट झाला. आई डोक्यावर घमेलं घेऊन परसात धावली, मागून मी गोधडी घेऊन.

"अरे, मधातलं झाक! त्याले फळं हायेत!"

"गोधडी भिजून राहिली ना!"

"भिजू दे. तुयी बायको उद्या बोलनच, आज झाक!"

बोराएवढ्या गारा पाठीवर घेत मी एका झाडावर ओणवा उभा राहिलो. सकाळी आधाराला रोवलेल्या तुराट्या आडव्या, आणि तेवढं एकच झाड उभं. एकदम पाणी प्याल्याने त्याची फळं तडकली. एक मात्र धड राहिलं. लालबुंद.

कोणती जात ती? संकरित असेल तर बी धरण्यात अर्थ नाही, पुढच्या साली भलतंच निघायचं. रुमालात बांधून दुकानात नेलं. दुकानदाराने फिरवून पाहिलं, देठाचा वास घेतला, चाकूने चार फोडी केल्या, पुडीतलं मीठ लावलं आणि एकेक करत चारही खाल्ल्या. बियांसकट.

"काय जी?" मी विचारलं.

हात पुसत म्हणाला, "हे आपल्याच दुकानातलं."