व्हीयू थ्री होऊन एक वर्ष

हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या सेटवरून लांबच्यांशी बोलण्याचा, परवाना मिळून वर्ष झालं. हवेवरचं माझं नाव तेव्हापासून व्हीयू थ्रीने सुरू होतं. गच्चीवरच्या वायरीबद्दल सोसायटीत आता कुणी काही विचारत नाही. "हातात मोबाइल असताना हे कशाला रे?" हा प्रश्न मात्र प्रत्येक लग्नाच्या पंगतीत एकदा तरी येतोच.

आम्हा हॅम मंडळींचं यावर पाठ उत्तर आहे: त्सुनामी. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या टीमसह हॅम रेडिओसाठीच अंदमानात गेल्या होत्या. लाट आली, फोन बंद पडले, आणि यांच्या सेटवरून निरोप मुख्य भूमीवर पोचले. गोष्ट खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण मला आता ते उत्तर देववत नाही. मी रेडिओ लावतो तो गप्पा मारायला, आणि वायर कशी ताणली की आवाज कुठवर जातो ते बघायला. त्यासाठी त्सुनामीची साक्ष कशाला काढायची?

वायर म्हणजे डायपोल, दोन बाजूंची अँटेना. चाळीस मीटर बँडसाठी (लहरीची लांबी साधारण तेवढी) साधारण दहा-दहा मीटरच्या दोन बाजू, मधून खाली उतरणारी कोॲक्स केबल. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं जिन्यावरच्या पाइपला, नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. संक्रांतीला तिच्यात एवढे पतंग अडकले, की बिल्डिंगमधली पोरं आधी माझ्यावर चिडली आणि नंतर फुकटचे पतंग न्यायला रांग लावून आली.

सकाळी याच बँडवर, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, पुणे, गुजरात, हैदराबाद मस्त ऐकू येतात. दिवसा उन्हामुळे वरच्या वातावरणात, आयनोस्फिअरमध्ये, जो खालचा डी थर असतो, तो लांबचे सिग्नल गिळतो. अंधार पडला की तो विरतो. लहरी परत खाली पाठवणारा वरचाही थर पातळ होतो, मग सरळ वर गेलेली लहर खाली येतच नाही, तिरकी गेलेली तेवढी लांब जाऊन उतरते. पुणेकर गायब, रशियन हजर! हे परीक्षेसाठी घोकलं होतं, पण कानाने ऐकल्यावर जी गंमत आली ती वेगळीच.

खरा वैताग म्हणजे क्यूआरएम, म्हणजे ऐकताना मध्ये येणारा बाहेरचा व्यत्यय. रोज संध्याकाळी सातला बँडभर घरघर सुरू व्हायची आणि समोरचा माणूस त्यात बुडायचा. शेवटी खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि मजल्यामजल्यावर हिंडलो. एका दारापाशी तो अक्षरशः किंचाळला. आत काकूंच्या देवघरात स्वस्तातली एलईडीची माळ. "आमच्या देवाचा तुमच्या रेडिओला त्रास होतो होय?" काकू म्हणाल्या. देवाचा नाही काकू, माळेच्या ॲडॉप्टरचा. बरी माळ आणून दिली, घरघर थांबली, वर प्रसादही मिळाला.

हवेवर राजकारण, धर्म, धंदा यातलं काही बोलायचं नाही, असा नियम आहे. (हा नियम आमच्या फॅमिली ग्रुपला लागू करता येईल का?) त्यामुळे उरतं काय, तर हवामान, अँटेना, गुडघेदुखी आणि समोरच्याला फाइव्ह नाइनचा, म्हणजे 'स्पष्ट आणि जोरात ऐकू येतोय' असा, रिपोर्ट. ऐकणाऱ्याला रटाळ वाटेल. पण कोण किती वाजता, कुठून, किती स्वच्छ ऐकू येतो, हे या रटाळपणातूनच डोक्यात बसतं. अंदमानातल्या त्या टीमलाही लाट आल्यावर मॅन्युअल उघडून बसावं लागलं नाही, कारण त्या याच कामासाठी सेट लावून बसल्या होत्या.

हे मनात घोळतंय कारण २०२७ मध्ये आपल्याकडे नाशकात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. प्रचंड गर्दीत मोबाइलला रेंज दिसते पण फोन लागत नाही, हे सगळ्यांनीच अनुभवलंय. बंगालचे हॅम गंगासागर मेळ्यात हरवलेल्यांना घरी पोचवायचं काम करतात. नाशकात तसं काही करायचं तर ऐन पर्वणीला हँडी, म्हणजे हातात मावणारा सेट, हातात देऊन चालणार नाही. त्याची टू मीटर बँडची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, आणि रामकुंड नदीकाठी खाली, भोवती इमारती. पांडवलेण्याच्या डोंगरावरून तिथला माणूस ऐकू येतो का, मध्ये निरोप पुढे पोचवणारा एखादा रिले लागतो का, हे आत्ताच, रिकाम्या रविवारी बघायला हवं.

तर पंचवटीत कुणाची उंच गच्ची, वर पाण्याची टाकी आणि ऐकून घेणारे चेअरमन असतील, तर इनबॉक्समध्ये कळवा. वायर, दोरी आणि चहा माझ्याकडून.