खुलासा : मुंग्या मावा खात नाहीत, राखतात

‘फळझाडावर मुंग्यांची रांग दिसली तर हात लावू नका, त्या मावा खाऊन झाड साफ करतात’ असा मेसेज फिरतोय. (मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड.) मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

कोवळा शेंडा वाकवून भिंगातून बघा. मावा सोंड खुपसून पानातला गोड रस ओढत असतो. त्या रसात साखर भरपूर, प्रथिनं अगदी कमी. त्यामुळे त्याला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने मागून बाहेर पडते. मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करते, थेंब आला की पिते. पानं चिकट होतात आणि पुढे काळी पडतात ती याच साखरेमुळे. तिच्यावर काळी बुरशी वाढते.

या गोडाच्या बदल्यात मुंग्या पहारा देतात. ढालकिडे (लेडीबर्ड भुंगे) आणि त्यांच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात, पण मुंग्या त्यांनाच हुसकावतात. (ही अळी काळपट, मगरीसारखी दिसते, कीड समजून मारू नका.) एखादी मुंगी क्वचित एखादा मावा खातेही, पण त्याने झाड साफ होत नाही. मावा तर नराशिवायही थेट पिल्लं घालतो.

खोडाभोवती चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट अडवली, की ढालकिड्यांना मोकळं रान मिळतं. जमिनीला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या.