गोठवलं म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही

सध्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: ‘घरच्या गारेगार कांडीला कुठलंही पाणी चालतं, फ्रीजरमध्ये सगळे जंतू मरतात.’ हे चूक आहे. घरच्या फ्रीजरच्या उणे 18 अंशांत बरेच जंतू मरत नाहीत, नुसते निपचित पडतात आणि बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू तर गोठवूनही टिकतो.

आपल्या सोलापुरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं आणि पिंपात साठवावं लागतं, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते. पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा, झाकून गार करा, मगच त्यात कैरीचं पन्हं किंवा कोकम कालवा. साचे आणि काड्याही धुतलेल्याच हव्यात.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे: सरबत जरा जास्त गोड ठेवावं. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, आणि साखरेमुळे कांडी दगडासारखी न होता मऊ राहते. पोरांना दुपारी कांडी जरूर द्या, उकळलेल्या पाण्याची द्या.