‘गुरुजींची प्रशिक्षणं बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. जिल्हा परिषदेच्या मास्तरांना लाखाचा पगार. निम्मं वर्ष ते फुकटच्या प्रशिक्षणात, त्यावर सरकारचे कोट्यवधी खर्च, तरी तिसरीच्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. खासगी शाळेत एकही प्रशिक्षण नाही, तरी तिथली मुलं पुढे. एकदा डी.एड. झालं की पुन्हा शिकायचं काय? प्रशिक्षणं बंद करा, शिक्षकांची परीक्षा घ्या, नापास होईल त्याला घरी बसवा. खाली सही ‘एक जागरूक पालक’.

मी काही वर्षं गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात, साधनव्यक्ती होतो. म्हणजे या मेसेजच्या हिशोबात मी खर्चाच्या बाजूला. तेवढं लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

वाचनाचं वाक्य आधी घेतो, कारण ते खरं आहे. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2024 साली देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं 23.4 टक्के निघाली. म्हणजे चारातल्या तिघांना तो वाचता येत नाही. यावर कोणी सारवासारव करू नये. पण 2022 मध्ये हाच आकडा 16.3 होता आणि कोविडच्या आधी, 2018 साली, 20.9. दोन वर्षांत नुसती घट भरून निघाली नाही, गाडी थोडी पुढेही गेली. या काळात पायाभूत साक्षरतेसाठी ‘निपुण भारत’ची मोहीम चालू होती, आणि पाहणी झालेल्या बहुसंख्य शाळांत निदान एका शिक्षकाला त्याचं समोरासमोर प्रशिक्षण मिळालेलं होतं. वाढ त्या प्रशिक्षणामुळेच झाली असा दावा मी करणार नाही. पण प्रशिक्षणं चालू असताना मुलं मागेच पडत गेली, हे मात्र आकड्यांत दिसत नाही.

‘निम्मं वर्ष प्रशिक्षणात.’ शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला किमान 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अपेक्षा आहे वर्षाला 50 तास प्रशिक्षणाची. सहा तासांचा दिवस धरला तर साडेआठ दिवसही होत नाहीत. मग गुरुजी सारखे बाहेर का दिसतात? कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्या कामांना मुभा ठेवली आहे. त्यातल्या निवडणुकीच्या दारातून बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम शिरलं आणि ते बाराही महिने चालतं. त्याशिवाय यू-डायस या पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, आधार जुळवणी, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि ग्रुपवर दुपारी दोनला येणारं ‘माहिती आज पाचपर्यंत, अति तातडीचे’. शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याचं वर्गीकरण करणारा शासन निर्णय 2024 साली काढावा लागला, यातच काय ते आलं. आणखी एक गोष्ट आतल्यांनाच माहीत असते. पोर्टलवर माहिती कशी भरायची हे दाखवायला जी दुपार जाते, तीही हजेरीपटावर प्रशिक्षण म्हणूनच लागते. त्यात शिकवण्याविषयी चकार शब्द नसतो. अशा दुपारी बंद करा म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने आहे.

‘डी.एड. झालं की पुन्हा शिकायचं काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणाकडे बघावं. महाराष्ट्रातल्या 291 डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि 2012 साली त्याचा अहवाल आला. देशातल्या सेवापूर्व शिक्षक-शिक्षण संस्थांपैकी जवळपास 90 टक्के खासगी हातात असल्याचं आणि त्यांतल्या कित्येकांच्या दर्जाबद्दल फार काही बोलण्यासारखं नसल्याचं त्यातून समोर आलं. आज वर्गात उभे असलेले हजारो शिक्षक त्या लाटेतूनच बाहेर पडलेले आहेत. दोष त्यांचा नाही. त्यांनी फी भरली, पाठ घेतले, पदविका मिळवली.

आणि कॉलेज उत्तम असलं तरीही. सरावपाठ होतात ते बहुतेक शहरातल्या नाहीतर तालुक्याच्या गावातल्या शाळेत. एक इयत्ता, एक विषय, पस्तीस मिनिटं, टाचण वहीत नीट लिहिलेलं, मागे बसलेले परीक्षक. नेमणूक मिळते ती पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत. चार वर्ग, दोन माणसं, त्यातलं एक माणूस मीटिंगला गेलेलं. पहिलीतली मुलं घरी पावरी बोलतात, किंवा कोरकू, किंवा गोंडी. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर निम्मा वर्ग कारखान्यावर, आणि तो परत येतो तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर. पहिलीला अक्षरगट देऊन त्याच वेळी चौथीचं गणित कसं सांभाळायचं, पावरी शब्दावरून मराठी शब्दावर मुलाला कसं आणायचं, हे कुठल्या पदविकेत शिकवलं जातं? ते नोकरीतच शिकावं लागतं, आणि शिकवणारं कोणीतरी लागतं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे काम फार आधी करून दाखवलं होतं, त्यामुळे ते अशक्य आहे असंही म्हणता येत नाही.

आता मेसेजचा गाभा: ‘प्रशिक्षणाने काही फरक पडत नाही.’ इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण यात अर्धं तथ्य आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात 180 सरकारी प्राथमिक शाळांची तुलना झाली. काही शाळांतल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या काही शाळांत अनुभवी मार्गदर्शक दर महिन्याला वर्गात जाऊन बसले, शिकवणं पाहिलं, सुचवलं, करून दाखवलं. पाठांच्या योजना आणि वाचनपुस्तकं दोन्हीकडे तीच. उरलेल्या शाळांत नेहमीसारखं चालू ठेवलं. दोन वर्षांनी मुलांचं मातृभाषेतलं वाचन तपासलं, तेव्हा मार्गदर्शक वर्गात गेलेल्या शाळांमधली सुधारणा बोलावून प्रशिक्षण दिलेल्या शाळांच्या दुप्पट निघाली. अमेरिकेत 2018 साली शिक्षकांना असं मार्गदर्शन देण्याच्या 60 अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यातही शिकवण्याच्या पद्धतीवर आणि मुलांच्या शिकण्यावर चांगला परिणाम दिसला.

आपल्याकडे काय होतं? पुण्याला राज्यस्तरावर पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यातून आलेली माणसं जिल्ह्याला तीन दिवसांत तेच सांगतात, तालुक्याला ते दोन दिवसांचं होतं, आणि केंद्रावर पोचेपर्यंत एक दुपार आणि एक पीपीटी उरते. चहा होतो, सह्या होतात, गटचर्चेचा फोटो ग्रुपवर जातो. ‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचं शिक्षक-प्रशिक्षण 2019 साली सुरू झालं ते देशातल्या सुमारे 42 लाख शिक्षकांसाठी. पुढच्याच वर्षी कोविडमुळे ते ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर गेलं. मग व्हिडिओ एका कोपऱ्यात लावून ठेवायचा, प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवरून घ्यायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, हे सर्रास झालं. मला यात शिक्षकांचा आळस दिसत नाही. ज्या गोष्टीचा पाठपुरावा कोणी करणार नाही, ती माणूस उरकूनच टाकतो.

पाठपुरावा कोणी करायचा हे आपण फार पूर्वी ठरवलं होतं. 1986 च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आली. 1994 च्या शासन निर्णयाने आपल्या राज्यात केंद्रप्रमुखाचं पद आलं: दहाएक शाळांमागे एक माणूस, काम शाळेत जाऊन शिक्षकाच्या बाजूला बसण्याचं. कागदावर ही आफ्रिकेतल्या त्या मार्गदर्शकाचीच जागा, तीही वीस वर्षं आधी. राज्यात अशी पदं मंजूर आहेत 4,860. त्यातली 2,384 भरण्यासाठी 2023 साली विभागीय परीक्षा जाहीर झाली आणि मग ती लांबत गेली. जवळजवळ निम्म्या जागांवर माणूसच नसताना एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कार्यभार. तो वर्गात कधी बसणार? तो माहिती गोळा करतो आणि वर पाठवतो. शाळाभेटीच्या शेऱ्यात ‘शालेय परिसर स्वच्छ, उपस्थिती समाधानकारक’ एवढं लिहून तो पुढच्या गावाला निघतो. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

हे माणूसबळ नीट वापरलं की काय होतं, तेही इथेच पाहिलेलं आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे यांनी आपल्या शिक्षकांबरोबर वर्गातच काम केलं. तिथे राज्यभरातून शिक्षक वर्ग पाहायला येऊ लागले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या निर्णयानंतर तो ओघ आणखी वाढला. पुढची गंमत अशी, की पाहून गेलेल्यांपैकी अनेकांनी पहिली उचलली ती फरशीवरची रंगवलेली अक्षरं. गावोगाव फरश्या रंगल्या. मुलाशी कसं बोलायचं, चुकलेल्या उत्तरावरून पुढे कसं जायचं, हे एका भेटीत उचलता येत नाही, आणि भेटीनंतर त्यांच्या वर्गात डोकवायला कोणी आलं नाही. रंग वर्षभरात उडाला.

खासगी शाळांचं थोडक्यात. आंध्र प्रदेशात 180 गावांत एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गरीब मुलांना खासगी शाळेत जायला पैसे दिले आणि चार वर्षं त्यांची तुलना सरकारी शाळेतल्या तशाच मुलांशी केली. तेलुगू आणि गणितात फरक निघाला नाही. खासगीतली मुलं पुढे दिसतात त्यात घर, शिकवणी आणि आईवडिलांचं शिक्षण यांचा वाटा मोठा. एक मात्र मान्य करायला हवं: खासगी शाळांनी तेवढंच काम दर मुलामागे एक तृतीयांशापेक्षा कमी खर्चात केलं, आणि तेलुगू-गणिताला कमी तास देऊन. हा मुद्दा आपल्या व्यवस्थेला बोचणारा आहे. पण तो मेसेजमध्ये नाहीच.

‘लाखाचा पगार, फुकटची प्रशिक्षणं.’ नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. मानधन 16,000 रुपये, तेही 2023 पासून, त्याआधी 6,000. पुढे मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं. भत्ते आणि वार्षिक वाढी मिळून लाखाच्या आसपास पोचतात ते बरीच वर्षं नोकरी झालेले. आणि फुकट म्हणाल, तर बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी ज्या प्रशिक्षणाशिवाय लागत नाही, त्याचे 2,000 रुपये शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून भरले आहेत.

राहिली परीक्षा. ती तर आलीच आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला सांगितलं. टीईटी म्हणजे 150 पर्यायी प्रश्न, 90 गुण मिळाले की खुल्या गटात पास. शिक्षकाला काय ठाऊक आहे हे त्यातून काही अंशी कळतं. दोन वर्ग एका वेळी कसे सांभाळतो, न वाचणाऱ्या मुलाजवळ किती वेळ बसतो, हे पर्यायी प्रश्नात विचारताच येत नाही. शिवाय याच परीक्षेत गैरप्रकार केल्याबद्दल राज्यात 2022 साली 7,874 उमेदवारांवर कारवाई झाली, तीही 2019-20 च्या एकट्या परीक्षेतली. तेव्हा ‘परीक्षा घ्या, सगळं सुधारेल’ म्हणणाऱ्यांनी तो इतिहास चाळून घ्यावा. सध्या पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेले शिक्षक संध्याकाळी गाईड घेऊन बसताहेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची तयारी व्हायची ती त्याच वेळात.