आंधळा मागतो एक, कंपनी देते दोन

मिसळीचं दुकान काढू नका. पहाटे उठावं लागतं आणि लोकांना चव कळते. क्लासही काढू नका, दर वर्षी निकाल लागतो. खरंच पैसा कमवायचा असेल तर डोळ्यांच्या धंद्यात उतरा. इथे गिऱ्हाईक येतं तेच मुळी नीट दिसत नाही म्हणून. किमतीखालची बारीक अक्षरं वाचायला ज्याला आधी तुमचाच माल घ्यावा लागतो, असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळणार?

शिवाय मागणीची हमी आपल्या भाषेनेच देऊन ठेवली आहे. वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. वयाचा आकडा आणि मालाचं नाव एकच! एवढी जाहिरात कोणत्या एजन्सीने फुकट करून दिली असती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे वयामुळे जवळचं दिसत नाही आणि त्यावर साधा चष्माही मिळालेला नाही, अशी ८२ कोटी ६० लाख माणसं जगात आहेत. हा आकडा पाठ करा. पुढे तो विसरायचा आहे.

"पण स्पर्धा किती आहे!" असं तुम्ही म्हणाल. आहेच. शहरातल्या कुठल्याही बऱ्या रस्त्यावर उभे राहा. एका बाजूला २००७ पासून चष्म्यात आलेलं टाटांचं टायटन, समोर २०१० मध्ये इंटरनेटवर सुरू झालेलं लेन्सकार्ट, आणि मध्ये कुठेतरी आपले चष्मेवाले काका, ज्यांच्याकडे ढिली काडी पिळून घ्यायला अजूनही पैसे लागत नाहीत. म्हणून तर काकांचं दुकान एवढंसंच राहिलं. तुम्ही काडी पिळू नका. तुम्ही एकावर एक द्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ही म्हण आपल्या पूर्वजांनी नेमकी कोणत्या सेलसाठी लिहून ठेवली होती हे मला आत्ता कळतंय. तो दुसरा चष्मा पुढे टीव्हीखालच्या खणात जुन्या चार्जरांशेजारी आयुष्य काढतो, पण मिळाल्याचा आनंद खरा असतो. त्या आनंदाला बाजारात भाव आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लेन्सकार्टचा शेअर ४०२ रुपयांना विकायला आला, तेव्हा कंपनीची किंमत सुमारे ७०,००० कोटी धरली होती. एवढे कसे, असं पुष्कळ जाणकारांनी विचारलं. विचारणाऱ्यांच्या नाकावरही चष्मा होताच.

अशा बाजारात टिकायचं कसं? इटलीकडून शिका.

मिलानच्या अनाथाश्रमात वाढलेल्या लिओनार्दो देल वेक्कियो यांनी १९६१ मध्ये आगोर्दो या डोंगरातल्या गावी चष्म्याचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली. इथपर्यंतची गोष्ट मुलांना सांगा. पुढची स्वतःसाठी ठेवा. कंपनीचं नाव लक्झोटिका. १९९९ मध्ये तिने बॉश अँड लॉम्ब या अमेरिकन कंपनीकडून रे-बॅन हा गॉगलचा ब्रँड विकत घेतला. तो तेव्हा अमेरिकेत पेट्रोल पंपावरसुद्धा मिळत असे. लक्झोटिकाने त्याला स्वस्त दुकानांतून उचललं, काचेच्या कपाटात बसवलं आणि भाव चढवला. मग २००१ मध्ये तिने सनग्लास हट ही गॉगलच्या दुकानांची साखळी घेतली. ओकली या प्रतिस्पर्धी कंपनीचा भरपूर माल नेमका याच दुकानांतून खपायचा. नव्या मालकाने ओकलीच्या ऑर्डरी कापल्या, ओकलीचा शेअर गडगडला. मग समेट झाला, सगळे हसले, फोटो निघाले असतील. आणि २००७ मध्ये लक्झोटिकाने २१० कोटी डॉलर मोजून ओकलीच घरी आणली. प्रतिस्पर्ध्याला हरवत बसायचं नसतं. आधी त्याचं दुकान घ्यायचं, मग तो.

प्राडा, शनेल, अर्मानी, व्हर्साचे ही नावं चष्म्याच्या काडीवर दिसली की ती चार घराणी वाटतात. चष्म्यापुरता त्यांचा कारखानदार एकच. न्यू जर्सीतला तुमचा भाचा डोळे तपासायला लेन्सक्राफ्टर्समध्ये जातो. रे-बॅन बघतो, महाग वाटला म्हणून ओकली बघतो, शेवटी मन मारून तिसरंच काहीतरी उचलतो आणि आयमेडचं विम्याचं कार्ड पुढे करतो. दिवसभर हिंडून चोख व्यवहार केला, असं तो रात्री फोनवर आईला सांगतो. दुकान लक्झोटिकाचं, फ्रेम तिच्या, विमासुद्धा तिचाच. पोरगं दिवसभर एकाच वाड्यात ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून परसात हिंडून आलेलं असतं.

राहता राहिली काच. एसिलॉर ही काचेतली सगळ्यात मोठी फ्रेंच कंपनी, आपले काका "क्रिझल टाकू का?" विचारतात तो काचेवरचा लेप तिचाच. २०१८ मध्ये एसिलॉर आणि लक्झोटिका एक झाल्या. याने स्पर्धेला बाधा येते का, हे युरोपीय आयोगाने तपासलं आणि एकही अट न घालता परवानगी दिली. आयोगाचं बरोबरच होतं म्हणा. स्पर्धा संपली नाहीच, फक्त आत गेली. पुढच्याच वर्षी सत्ता कोणाची यावरून इटालियन आणि फ्रेंच गट असे भांडले की प्रकरण लवादापर्यंत पोचलं. सामायिक विहिरीवरून आपल्याकडे होतात तशीच भांडणं, फक्त विहीर मोठी.

तुमच्याकडे इतकं भांडवल नसेल तर निराश होऊ नका. एकाच मालाला तीन नावं द्यायला भांडवल लागत नाही. १९९० च्या दशकात बॉश अँड लॉम्ब एकच कॉन्टॅक्ट लेन्स ऑप्टिमा, मेडलिस्ट आणि सीक्वेन्स अशा वेगवेगळ्या नावांनी विकत होती. एक वर्षभर वापरा, दुसरी काही आठवड्यांनी बदला, तिसरी त्याहून लवकर फेका, आणि किमतीत कित्येक पटींचा फरक. ग्राहक कोर्टात गेले, १९९६ मध्ये कंपनीने कोट्यवधी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्या भरपाईकडे लक्ष देऊ नका. कल्पनेकडे द्या.

आणि ती कल्पना भावनेत घोळवा. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी एका दवाखान्यात मला डोळ्यात बसवायच्या भिंगांचं लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवलं होतं. तीन रकाने: इंडियन, इम्पोर्टेड, इम्पोर्टेड प्रीमियम. मी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने काही टीका केली नाही. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "दादा, आईंच्या डोळ्याचा प्रश्न आहे." माझं बोट आपोआप उजवीकडे सरकलं. आई शेजारीच बसली होती. तिला फक्त बिनसाखरेचा चहा कधी मिळेल एवढंच हवं होतं.

आता माल. आजार शोधायला डॉक्टर लागतात. तुम्ही रंग शोधा. निळा घ्या, तो चालतो. मोबाईलमधून निळा उजेड येतो, हे खरं. उन्हातून त्याच्या कितीतरी पट जास्त येतो, हेही खरं, पण ते तुम्ही सांगायचं नाही. एक निळ्या टॉर्चचं पेन घ्या, कार्डावर उजेड पाडा, मध्ये ब्लू कट काच धरा. डाग गेला! गिऱ्हाईक थक्क. टॉर्चचा उजेड अडला, यात खोटं काही नाही. त्याने डोळे दुखायचे थांबतील का, हे त्या कार्डाला कोणी विचारत नाही. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये अशा काचांच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. कॉम्प्युटरवर बसून थकणाऱ्या डोळ्यांना अशा काचांनी निदान थोड्या काळात तरी काही फरक पडत असल्याचं दिसलं नाही. ब्रिटनमध्ये बूट्स ऑप्टिशियन्सला निळ्या उजेडाच्या जाहिरातीपायी २०१७ मध्ये ४०,००० पौंड दंड झाला. आपल्याकडे तशी भीती बाळगायचं कारण नाही, आपल्याकडे ब्लू कट "फ्री" असते. पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापणी कमी वेळा मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. पण पापणी मिटण्यावर एमआरपी छापता येत नाही. तो विषय काढू नका. अगदी काढलाच, तर शेजारच्या फळीवर थेंबांच्या बाटल्या ठेवायला विसरू नका.

थेंबांवरून आठवलं. सगळ्यात मोठी स्पर्धा चष्म्याची चष्म्याशी नाही, चष्म्याची बाटलीशी आहे. मुंबईच्या एन्टोड फार्मास्युटिकल्सला ऑगस्ट २०२४ मध्ये प्रेसव्यू नावाच्या थेंबांसाठी परवानगी मिळाली. आत औषध पिलोकार्पिन. काचबिंदूवर ते शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे. बाहुली बारीक होते, म्हणून जवळचं काही तास जरा स्पष्ट दिसतं. अमेरिकेत याच औषधाच्या थेंबांना २०२१ मध्येच मान्यता मिळाली होती. लहानपणी मुठीची बारीक भोकं करून आपण लांबची पाटी वाचायचो, त्यामागचं शास्त्रही हेच. मूठ मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. पण बातम्या काय सुटल्या! पंधरा मिनिटांत चष्मा गायब! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन काकांनी चाळिशीला जाहीर निरोप दिला. सप्टेंबरमध्ये, परवानगीत नसलेले दावे केल्याचं सांगून औषध नियंत्रकांनी ती परवानगीच स्थगित केली. इथे तुम्ही शिकायचं ते टायमिंग. माल ऑक्टोबरमध्ये दुकानात येणार होता, गाजावाजा सप्टेंबरमध्ये झाला. गाजावाजा इतका आधी करू नये.

दोन जागांपासून मात्र लांब राहा. एक मदुराई. तिथे डॉ. जी. व्यंकटस्वामी नावाच्या गृहस्थांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. गरिबांचे मोतीबिंदू काढायचे तर डोळ्यात बसवायची भिंगं परवडेनात. परदेशी भिंग तेव्हा शंभर डॉलरच्या घरात होतं. तर या मंडळींनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ते भिंग स्वतःच बनवलं, दहा डॉलरच्या आसपास. भाव पाडायची ही कुठली रीत! ना दुसऱ्या कुणाचं दुकान घेतलं, ना तीन नावं दिली, ना टॉर्च. असला स्पर्धक शेजारी आला तर तुमचं लॅमिनेट केलेलं कार्ड वाया जाईल.

दुसरी जागा आसाम. तिथल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या कामगारांना जवळचं दिसायचा साधा, स्वस्त चष्मा देऊन पाहिला, तर त्यांची पानं खुडायची गती सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. हे २०१८ मध्ये लॅन्सेटच्या जागतिक आरोग्यावरच्या नियतकालिकात छापून आलं आहे. अँटीग्लेअर नाही, ब्लू कट नाही, काडीवर कुणाचं नाव नाही. ८२ कोटींच्या त्या आकड्यात बसणारी माणसं ती हीच. म्हणून म्हटलं होतं, विसरा. त्यांच्या वस्तीत कोणी समोरासमोर दोन दुकानं टाकत नाही.

चला, आता शटर उघडा. पहिलं गिऱ्हाईक आलंय. त्याला खुर्चीत बसवा, ती जडशी गोल ट्रायल फ्रेम नाकावर चढवा, खाचेत एक काच घाला, मग काढून दुसरी घाला आणि मायेने विचारा, "हे बरं, की हे?" तो डोळे बारीक करेल, मान वाकडी करेल, पुन्हा पहिली मागेल. शेवटी जरा ओशाळून म्हणेल, "दोन्ही सारखंच दिसतंय हो."

अगदी बरोबर बोललाय. दुसरी लिहा.